इंदुमतीबाईंचा नेम

इंदुमतीबाईंनी साऱ्या आयुष्यात एकदाच बढाई मारली, आणि ती इंदूरच्या मल्हारगंजातल्या अख्ख्या गल्लीला भोवली!

झालं असं की त्यांची मुलगी शर्वरी माळा आवरत होती. फुटक्या बरण्यांमागून तिनं एक लांबलचक धनुष्य बाणांसकट ओढून काढलं. सगळं बांबूचं, दोरीसुद्धा बांबूच्याच चिवट कामटीची. इंदुमतीबाईंचे वडील अप्पासाहेब झाबुआला जंगल खात्यात होते, तेव्हा शेजारच्या भिल्ल आजीनं छोट्या इंदूला ते दिलं होतं आणि चालवायलाही शिकवलं होतं. पुढे लग्न झालं, धनुष्य माळ्यावर गेलं आणि हातात पळी-पंचपात्र आलं.

"आई, हे तुझं? तू तर झुरळालासुद्धा सुपलीत बसवून बाहेर सोडून येतेस!"

पेपराआडून शर्वरीचे वडील दिवाकरराव खो खो हसले. "अगं, सुईत दोरा ओवायला मला हाका मारतेस. तुझा बाण जिन्यापर्यंत पोचला तरी गल्लीत पेढे वाटीन!"

इंदुमतीबाई बोलत फार हळू. दूधवाला तर त्यांच्या बोटांवरूनच ओळखायचा, आज अर्धा लिटर की एक. पण त्या दिवशी त्यांचा आवाज स्वयंपाकघरातून थेट ओसरीवर आला.

"हात विसरत नसतात म्हटलं! बोट दाखवीन तिथे बाण लागेल!"

दुसऱ्या दिवशी संकष्टी होती. इंदुमतीबाईंची संकष्टी म्हणजे चंद्रोदयापर्यंत उपास आणि दुपारच्या पूजेपासून मौन. खुणा चालत, पण लिहून दाखवणं नाही. "ती पळवाट झाली. बाप्पाला वाचता येतं!" असं त्यांचं म्हणणं.

दुपार कलली तरी घर डुलक्या घेत होतं. बाईंनी पदर खोचला, कामटीला समईतलं तेल चोपडलं आणि धनुष्य घेऊन गच्चीवर गेल्या. समोर चिंध्यांनी भरलेलं पोतं टांगलं. गणपतीला नमस्कार करून दोरी ओढली. धनुष्य असं करकरलं, की जणू सासूबाईच उठून बसल्या! बाण सुटला आणि पोत्यात घुसला. अगदी मधोमध!

इथेच थांबल्या असत्या तर ही गोष्ट घडलीच नसती. पण बाईंनी दुसरा बाण लावला. या वेळी जरा ऐटीत, चष्मा न लावता.

तो पोत्यावरून गेला. गच्चीच्या कडेला चिकटपट्टीनं जोडलेल्या केबलचा जोड त्यानं उडवला, गल्ली ओलांडली आणि समोरच्या प्रतापरावांच्या गच्चीवरच्या दारात जाऊन थरथरत उभा राहिला. केबल सापासारखी सळसळत खाली आली, जाणाऱ्या टेम्पोच्या टपाला अडकली आणि टेम्पो ती ओढत राजवाड्याच्या दिशेनं घेऊन गेला!

ही केबल साधीसुधी नव्हती. दिवाकरराव कामाला होते त्या मिलचा भोंगा कायमचा बंद झाल्यावर त्यांनी हाती आलेले सगळे पैसे गच्चीवरच्या डिश अँटेनाच्या छत्रीत घातले होते आणि गल्लीचे केबलवाले झाले होते. तोच धंदा प्रतापरावांनीही समोर सुरू केला. त्यात त्याच संध्याकाळी क्रिकेटची फायनल, आणि ती आता सुरू व्हायला आली होती! गल्लीनं बजावलंच होतं, "भिया, आज चित्र गेलं, तो कल से कनेक्शन प्रतापभियाचं!"

घरोघरी टीव्हीवर मुंग्या आल्या. गल्लीतून आरोळी उठली, "दिवाकरभियाऽऽ, मॅच गेली यार!"

दिवाकरराव आणि मागोमाग शर्वरी गच्चीवर धावले. दिवाकररावांनी तुटका जोड पाहिला, पोत्यातला बाण पाहिलाच नाही, आणि लालबुंद झाले. "प्रताप्यानं कापली!"

इंदुमतीबाईंनी घाईघाईनं मान हलवली आणि दोन्ही हातांनी धनुष्य ओढल्याची खूण केली.

"बघ शर्वरी! तुझी आईसुद्धा म्हणतेय, युद्ध करा!"

बाईंनी कपाळाला हात लावला. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी, मी!

"अरे देवा, आईच्या छातीत दुखतंय!" शर्वरी पाणी आणायला पळाली.

तेवढ्यात प्रतापरावच बाण नाचवत जिना चढून वर आले. मागे अर्धी गल्ली. "ये देखो! केबलसाठी आता माणसं मारणार का, दिवाकरभिया?"

"अहो, घरात धनुष्य आहे, नाही कोण म्हणतं? पण चालवणार कोण, ही? हिचा बाण स्वतःच्या पायावर पडेल!" लोक हसले. "हिच्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, आमच्या घरातून..."

खोटी शपथ, तीही डोक्यावर! बाई चटकन खाली वाकल्या. दिवाकररावांचा हात हवेतच राहिला. त्यांनी पुन्हा हात पुढे केला, बाई पुन्हा वाकल्या. लोकांना वाटलं, उपासानं घेरी येतेय. अंधार पडला तरी दोघे पुरुष तावातावानं भांडत होते, आणि बाईंचे डोळे चंद्राला शोधत होते. लाज होतीच, पण "पायावर पडेल" हे जास्त झोंबत होतं!

अखेर पाण्याच्या टाकीमागून चंद्र वर आला. बाईंनी अर्घ्य दिलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "बाण मीच मारला."



"तू?" दिवाकररावांचा आवाज चिरकला. "गल्लीपार?"

"हो. आणि पेढे वाटा."

पण पेढ्यांनी मॅच दिसत नाही. शर्वरीनं नवी केबल काढली. विजेच्या तारांच्या वरून ती पलीकडच्या घरांकडे न्यायची कशी? कुणीतरी दोरी बांधून दगड फेकला, त्यानं प्रतापरावांचाच बल्ब फुटला. तेव्हा इंदुमतीबाईंनी मिलमधलं सुताचं रीळ आणलं, बाणाच्या शेपटीला सूत बांधलं आणि चष्मा लावला. पलीकडच्या सगळ्या गच्च्या क्षणात रिकाम्या झाल्या!

बाईंनी प्रतापरावांच्या शेजारच्या वासुदेवजींच्या गच्चीवर वाळत टाकलेली गादी हेरली. मोठी, जाड, चुकणार कशी? बाण सुटला आणि प्रतापरावांच्या दारात घुसला. आधीच्या भोकाला अगदी खेटून!

"त्याच दारात! क्या बात है काकू!" गल्ली नाचू लागली. सुतामागून केबल गेली आणि शेवटच्या षटकांआधी चित्र लागलं.

प्रतापरावांनी मात्र मॅच पाहिलीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हात जोडून दारात उभे. "भाभीजी, समजलो मी. माझी छत्री मी पार जुनी इंदूर भागात हलवतोय. पण तिसरा बाण नका मारू!"

मागोमाग गल्लीतल्या बायका आल्या. "काकू, प्रतापभियाच्याच दारावर नेम धरला होता ना? सांगा ना!"

इंदुमतीबाई खोटं बोलत नाहीत. त्यांनी हळूच ओठांवर बोट ठेवलं.

"आई, पंचमीला कसलं गं मौन?" शर्वरीनं विचारलं.

बाईंनी नुसतं देवघराकडे पाहिलं. हे व्रत नवीन आहे. गल्लीत त्या बाणाचा विषय निघाला की सुरू होतं, आणि त्याचं उद्यापन अजून व्हायचंय!