सबनीस काकांचा पायगुण

कॉम्प्युटरने एरर दिली की सबनीस काका खुर्चीतून उठून उभे राहायचे. हात मागे बांधायचे, पडद्यावरची ओळ पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचायचे आणि मगच बसायचे. कुणी आपली चूक सांगत असताना बसून ऐकणं बरं दिसत नाही, असं त्यांचं मत होतं. कॉम्प्युटरला ते ‘गृहस्थ’ म्हणत. एरर आल्याबरोबर आम्ही कीबोर्ड बडवायला लागायचो, तर मागून शांतपणे विचारणा व्हायची, "गृहस्थांचं म्हणणं तरी काय आहे?"

गोष्ट नव्वदीतली. ठाण्याला नौपाड्यात एका मिठाईच्या दुकानावर आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. मालक पेंडसे, मी आणि आणखी दोघं. विंडोज नुकतंच आलं होतं आणि गिऱ्हाइकांना प्रोग्रॅममध्ये चित्रांची बटणं हवी असायची. आमच्यापैकी कुणाला साधा आंबासुद्धा धड काढता येत नव्हता. म्हणून पेंडशांनी त्यांच्या गल्लीतले सबनीस काका आणले. काकांनी कारखान्यात ड्राफ्ट्समन म्हणून जन्म काढलेला, लग्न केलं नव्हतं, आणि निवृत्तीनंतर दिवस कसा घालवायचा हा प्रश्न होताच.

पहिलंच काम डोंबिवलीच्या एका मंगल कार्यालयाचं होतं. भांडीकुंडी, गाद्या, आचारी असल्या सगळ्याची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम. ‘सेव्ह’च्या बटणावर जगभर फ्लॉपीचं चित्र असतं, हे काकांना अजिबात पटलं नाही. साठवायचं ते डब्यात, म्हणून त्यांनी कडीचा डबा काढला. ‘डिलीट’ला खरकट्याची बादली आणि ‘एक्झिट’ला चपलांचा जोड. पळी आणि ओगराळं एवढ्याशा बटणात सारखीच दिसतात, कोण बघतंय, असं पेंडसे म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी काका घरून खरं ओगराळं घेऊन आले आणि ते पेंडशांच्या टेबलावर ठेवून ग्राफपेपरवर चौकोन रंगवत बसले. कार्यालयाचा मालक ती बटणं बघून इतका खूश झाला की त्याने आम्हा सगळ्यांना एका मुंजीत जेवायला घातलं.

चित्रं झाली, तशी काकांची पंचाईत झाली. पेंडसे माणूस चांगला, पण ऑफिस एवढंसं, आणि काम नसलेल्या माणसाने खुर्ची अडवलेली त्यांना चालत नसे. काकांना रीतसर निरोप द्यायचा असं ठरवून त्यांनी शालही आणून ठेवली. काकांना याचा सुगावा लागला होता.

आणि नेमके काका आले नाहीत त्या दिवशी प्रोग्रॅम तयार होईना. ही चित्रं वेगवेगळ्या फाइलींत असतात. कुठलं चित्र कुठे ठेवलंय ते लिहून द्यायचं, मग बिल्ड म्हटलं की कॉम्प्युटर ती गोळा करून प्रोग्रॅमच्या पोटात घालतो. आमचं घोडं पहिल्या डब्यापाशीच अडलं. फाइल उघडता येत नाही, म्हणे. आम्ही कंपायलर नव्याने टाकला, व्हायरस शोधला, एकमेकांवर खापर फोडलं. शेवटी काकांच्या शेजारी कर्णिकांकडे फोन होता, तिथे निरोप ठेवला. काका आले, पेढ्यांच्या रिकाम्या खोक्यातून आपली फ्लॉपी काढली, "कडीचा एक ठिपका बघून घेतो" म्हणत मशिनीत घातली, आणि बिल्ड झाला. काका घरी गेले की पुन्हा तीच एरर.

असं चार-पाचदा झाल्यावर पेंडसे, जे चांगले इंजिनिअर होते, ते सरळ पायगुणावर आले. काहींचा असतो, आपण मानू नये पण असतो, असं आम्हालाच समजावू लागले. बिल्ड लांबला की ते काकांना जिना उतरून पुन्हा वर यायला सांगत. काकाही निमूटपणे उतरून वर येत. शाल कपाटातच राहिली.

ती एरर लांबलचक होती, पडद्याच्या उजव्या कडेबाहेर जायची. पुढचं वाचायची तसदी आम्ही कधी घेतली नाही. एक दिवस काका नसताना त्यांची नक्कल करायची म्हणून मी उभा राहिलो, हात मागे बांधले आणि ओळ सरकवून शेवटपर्यंत वाचली. डब्याचा पत्ता होता ए ड्राइव्ह, म्हणजे फ्लॉपीची खाच. यादी उघडून पाहिली, तर बादलीचा तोच, चपलांचा तोच. सगळी चित्रं काकांच्या फ्लॉपीवर होती, आमच्या हार्ड डिस्कवर एकही नव्हतं.

पेंडशांना मी काही बोललो नाही. काका आल्यावर, बाकीचे जेवायला गेलेले बघून, त्यांना तो पत्ता दाखवला. ते सवयीप्रमाणे उठून उभे राहिले. वाचून झाल्यावरही बसले नाहीत.

"पत्ते लिहिताना पहिल्यांदा चूकच झाली रे," ते म्हणाले. "मग तुमचा फोन आला. कर्णिकवहिनी जिन्यातून ओरडल्या, सबनीस, ऑफिसात तुमच्याशिवाय अडलंय. अख्ख्या बिल्डिंगने ऐकलं. मग नाही बदललं मी."

ज्या धाकट्या भावाच्या कुटुंबात ते इतकी वर्षं राहिले, ते सगळे गेल्या दिवाळीत कल्याणला मोठ्या जागेत गेले होते. तुम्ही का नाही गेलात, असं शेजारी येता-जाता विचारायचे.

"ऑफिस मला सोडत नाही, असं सांगतो," काका म्हणाले. "खरं म्हणजे मला न्यायला कुणी आलंच नाही."

मग ते खाली बसले, सगळी चित्रं हार्ड डिस्कवर उतरवली, एकेक पत्ता स्वतः दुरुस्त केला आणि फ्लॉपी काढून घेऊन बिल्ड केला. सुरळीत झाला. "आता माझ्याशिवाय होतं," असं म्हणून खोका काखेत मारून ते जिना उतरले. मला फार वाईट वाटलं. चूक शोधून काढल्याचा एरवी होणारा आनंद त्या दिवशी काही झाला नाही.

दुसऱ्या दिवशी काका नसतानाही बिल्ड झाला. पेंडसे खुशीत येऊन शालीला इस्त्री करावी का विचारू लागले. मी चपला घातल्या आणि चालत काकांच्या घरी गेलो.

दार उघडल्याबरोबर त्यांनी विचारलं, "काय अडलं?"

"काही अडलेलं नाही, काका. तुम्हाला न्यायला आलोय."

शर्ट बदलून येतो म्हणून ते आत गेले. शर्ट बदलायला इतका वेळ लागत नाही, पण मी दारात थांबलो.