राणीछाप रुपयाचा पाट

राज्य कोणाचं आहे हे प्रजेला तलवारीने कळतं; पण ते पटवण्याचं काम नाण्यालाच करावं लागतं. तलवार काही कोणी गळ्यात घालून मिरवत नाही. १८६३ साली वऱ्हाडात हे पटवण्याचं काम जोरात होतं. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकी पेटली, तिथला कापूस अडकला आणि इकडे अकोटच्या कापसाला सोन्याचा भाव आला. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या लागल्या (बैलांनी मागितल्या नव्हत्या) आणि घरोघर राणीछाप रुपये खणखणू लागले.

अकोटचे खुशालराव तर राजनिष्ठेचा पुतळाच. लेकीच्या, शकुनच्या लग्नासाठी त्यांनी एक्कावन्न राणीछाप रुपयांना कड्या लावून हार करवला. राणीसरकारचा मुखडा एक्कावन्न वेळा! इतकी निष्ठा खुद्द विलायतेतही कोणी गळ्यात बाळगली नसेल.

लग्न चार दिवसांवर आलं आणि चांदूर बाजारहून विहीणबाई पार्वताबाई दागिने पाहायला आल्या. त्यांनी हार उजेडात धरला आणि एक रुपया अंगठ्याने पुसून पाहिला.

"ह्या बाईच्या कपायाले कुकू काहून नाही?"

"विहीणबाई, ते राणी हाये," खुशालराव म्हणाले.

"मंग राणीचा नवरा कुठी हाये?"

हा प्रश्न वऱ्हाडात आजवर कोणाला सुचला नव्हता. पाहुणे आलेले वामनराव अमरावतीच्या कचेरीत कारकून होते. त्यांनी खरं ते सांगून टाकलं (कारकुनाच्या हातून असं क्वचित घडतं): राणीसाहेबांचे यजमान दोन वर्षांमागेच वारले.

"पांढऱ्या कपायाच्या एक्कावन बाया गयात घालून माही सून मांडवात येणार नाही," पार्वताबाई म्हणाल्या. "अन् ठरलेला हार नाही, त लगनही नाही."

आत शकुनला रडू फुटलं. खुशालरावांनी पंचांना बोलावणं धाडलं. पोरीचं लग्न मोडावं, तेही सात समुद्रापलीकडच्या बाईच्या कपाळापायी!

सतरा पंच बसले. नऊ जणांचं मत पडलं की रुपये उलटे ओवावेत, म्हणजे राणी आत आणि वेलबुट्टी बाहेर. पण सरकारला तोंड लपवायला लावणं कायद्यात बसेना. सहा म्हणाले, नुसतं कुंकू लावा; पण ते कोणाच्या नावाचं? उरलेले दोघे पानासाठी आले होते. शेवटी सगळ्यांत म्हातारे सूर्यभानजी खाकरले.

"आपल्यात नवरा मेलेल्या बाईचा पाट लागते का नाही? मंग तिचाही लावून द्या ना!"

स्थळ घरातच निघालं. खुशालरावांच्या देव्हाऱ्यात एक जुना नागपुरी रुपया होता. त्यावर चित्र कोणाचंच नाही, आणि अक्षरं फारसी, म्हणजे नवऱ्यात खोट काढायला जागाच नाही. नागपूरचं राज्य गेलेलं, पण चांदी शाबूत. असं खानदानी स्थळ शोधून सापडत नाही. तिन्हीसांजेला पाट लागला. नवरा एक आणि नवऱ्या एक्कावन्न, ही हरकत पंचांनी तिथल्या तिथे फेटाळली: बाई एकच, छाप एक्कावन्न.

कुंकू लागलं, पार्वताबाईंनी हार स्वतःच्या हाताने सुनेला घातला आणि शकुन मांडवात खुदकन हसली. खुशालरावांनी पागोट्याच्या शेवाने डोळे पुसले.

मग ही रीतच पडली. कुंकवाचे रुपये सरकारी खजिन्यात जाऊ लागले, तेव्हा साहेबाने खुलासा मागवला. वामनरावांनी लिहून दिलं, 'रयतेने राणीसरकारांस आपल्या घरातलंच मानलं आहे.' यात शब्द न् शब्द खरा होता. कोणाच्या घरात दिली, एवढं लिहायचं राहिलं.

हसू येतं ना? पार्वताबाईंना अक्षरओळख नव्हती, पण रुपयावर काय नाही तेसुद्धा त्यांना दिसलं. आता राज्य आपलं आहे, नाण्यावरची चित्रंही आपलीच आहेत. तर वाचकहो, खिशात हात न घालता सांगा, तुमच्या रुपयावर काय काय आहे?

आकडा सोडून. तो आपल्या सगळ्यांनाच पाठ असतो.