खंडोजीअण्णांचा आपोआप लागणारा दिवा

आमचे घरमालक खंडोजीअण्णा रोज संध्याकाळी अंगणात उभे राहून सूर्यावर चिडत. "काल सहा वीसला गेला, आज सहा एकवीस! काही शिस्त?" तीस वर्षं कारखान्यात फोरमन होते. सूर्य ओव्हरटाइमसाठी रेंगाळतो, असा त्यांना संशय होता.

नव्वदच्या दशकात मी नोकरीसाठी पुण्याहून बेंगळुरूला आले आणि त्यांच्या मागच्या खोलीत राहू लागले. अण्णांचं घराणं तिथलं फार जुनं, मराठीत कन्नड मुरलेली. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला "अक्का" म्हणत.

एक दिवस तिथल्या शिवाजीनगरच्या बाजारातून त्यांनी बटणाएवढा तुकडा आणला.

"अक्का, हा डोळा. अंधार पडला की ह्याला कळतं. दिवा आपोआप लागतो!"

साबणाच्या डबीत ट्रान्झिस्टर आणि दिवा चालू-बंद करणारा रिले बसवला. डोळा मात्र लावला नेमका फाटकावरच्या बल्बखाली. अंधारलं. टक! दिवा लागला. डोळ्याला वाटलं, उजाडलं. टक! विझला. पुन्हा टक, पुन्हा टक. शेजारचे विचारायला आले, लग्न कोणाचं? एक रिक्षा तर आपल्यालाच बोलावतायत समजून थांबली.

"अण्णा, डोळा दिव्यापासून लांब लावा."

"स्वल्प थांब अक्का, तो शिकतोय."

आठ दिवसांत तो काही शिकला नाही. मग डोळा गच्चीवर गेला. तिथे भर दुपारी त्याच्यावर मांजर बसलं आणि फाटकावर दिवा लागला. अण्णा मांजराला कन्नडमध्ये रागावले, मग डोळ्याभोवती पत्र्याची नळी बसवायला घेतली.

मी वैतागले. "एवढं कशाला? फिरायला जाताना बटण दाबून जा की!"

अण्णांनी पक्कड खाली ठेवली.

"दिवा माझी बायको लावायची, हिरा. मी फिरून यायचो तर कोपऱ्यावरूनच दिसायचा. कडी वाजवली की ती आतून धावत यायची. ती गेली, तेव्हापासून अंधार दिसतो. मीच लावून गेलो तर मला माहीत असतं ना, मीच लावलाय."

मी नळी घट्ट धरून ठेवली, अण्णांनी ती बसवली.

दुसऱ्या दिवशी अण्णा फिरायला गेल्यावर टक झालं. दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. थोड्या वेळाने फाटकाची कडी वाजली. फाटक उघडंच होतं. तरी अण्णा बाहेर उभे राहून कडी वाजवत होते.

पोळी तव्यावर तशीच सोडून मी ओरडले, "आले हो!"