अवधीखात्याने तारखेस दारातून परतविले ते वर्तमान

श्रीविद्युल्लता समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, मार्गशीर्ष मासी संगणकराज्यात जे घडले ते लिहिले ऐसे. राज्यात बाळांच्या लसीकरणाचे काम चालत होते. मागील लसीच्या तारखेत अठ्ठावीस दिवसांचा अवधी मिळवावा आणि पुढील तारीख काढावी, मग आरोग्यसेविका इंदुमतीबाई यांनी ती घरोघर कळवावी. अवधीचे खाते, म्हणजे आज्ञावलीचा तेवढा भाग, मृणालिनीबाई ढवळीकर यांनी बांधिले आणि तारखेचे केरोबा पांचाळ यांनी. राज्याचा रिवाज ऐसा की बेरीज मांडली म्हणजे डावीकडील खात्यास आधी पुसावे, त्यास उमज नसेल तर त्याने 'मज ठाऊक नाही' ऐशी चिठी द्यावी, मग उजवीकडील खात्यास पुसावे, आणि उभयतांची चिठी आली तरच दरबाराने, म्हणजे संगणकाच्या मूळ यंत्रणेने, बेरीज अमान्य करावी. मृणालिनीबाई बहुत शिस्तीच्या. त्यांनी खात्यास ताकीद दिली होती की अवधीत अवधीच मिळवावा, परका कोणी आला तर डंका पिटोन काम थांबवावे. आजवर तारीख डावीकडे असे; मग नव्या यादीत अवधी डावीकडे पडला आणि तारीख उजवीकडे, आणि डंका वाजला, आणि चाळीस बाळांच्या तारखा अडल्या. इंदुमतीबाईंचा फोन आला, "अहो मॅडम, उद्या सकाळी पाड्यावर जायचंय. आयांना काय सांगू, संगणक रुसलाय?" मृणालिनीबाई केरोबांकडे वळल्या आणि वदल्या, "तुमच्या खात्याला एवढी बेरीज येत नाही?" केरोबा हसले. "येते की! पण मला विचारलं कुणी? तुमचा पहारेकरी दारातूनच हाकलतो." बाईंस राग आला. त्यांनी डंका काढविला आणि खात्याकडोन नुसते 'नाही' वदविले. दरबाराने तेच उत्तर मानिले, केरोबांस पुसिलेच नाही, आणि चाळीस नावांपुढे 'पुढील तारीख: नाही' ऐसे छापोन गेले. पुन्हा फोन आला, "मॅडम, आता तर एकाही बाळाला लस नाही असं आलंय!" आपणांस येत नाही ते कोणासच येत नाही, ऐसे आपले खाते दोन वेळा बोलिले, हे तेव्हा मृणालिनीबाईंचे ध्यानी आले. मग त्यांनी 'मज ठाऊक नाही' ही चिठी स्वहस्ते लिहिली. चिठी गेली, केरोबांच्या खात्यास पुसणे झाले, आणि चाळीसही तारखा निघाल्या. मग बाईंनी परीक्षेस्तव अवधीत एका बाळाचे नाव मिळवू पाहिले, तो अवधीच्या आणि नावाच्या दोहीं खात्यांकडोन चिठ्या आल्या आणि दरबाराने आपणहोन डंका पिटिला. बाईंस समाधान वाटले.

एवंच, नकार देणे हा दरबाराचा अधिकार, खात्याचा नव्हे. दुसरे दिवशी पाड्यावर एकोणचाळीस बाळांच्या आयांस तारीख कळली. चाळिसावे घर कुलूपबंद होते, तेथे इंदुमतीबाई सायंकाळी पुन्हा गेल्या.