साच्याची वाळू

टिळेकर बाईंच्या पुढे उभं राहिलं की पाठीवर बोट फिरायला लागतं. रांग हजेरीची असो नाहीतर बसची. बोट थांबलं की मागून आवाज येतो, "ओळखा." निगडीच्या थांब्यावर एकदा त्यांनी एका अनोळखी बाईच्या पाठीवर अक्षर काढायला घेतलं. ती दचकून वळली तर या शांतपणे म्हणाल्या, "वळलात कशाला? आता पहिल्यापासून काढायला लागेल."

भोसरीतल्या आमच्या प्राथमिक शाळेत त्या पहिलीच्या बाई. मी तिथली प्रभारी मुख्याध्यापिका. खरं तर ही खुर्ची त्यांची. पण "पहिली सोडून मी कुठं जाणार नाही" म्हणाल्या आणि खुर्ची माझ्याकडे सरकली. मी त्यांना अहो म्हणते, त्या मला अगं.

त्यांच्या वर्गात दिवाळीपर्यंत पेन्सिल नाही. "आधी बोट, मग पेन्सिल. बोटाला कळलं की पेन्सिल मुकाट्यानं मागून येते." त्यासाठी वर्गात पत्र्याचे ट्रे होते आणि ट्रेमध्ये फाउंड्रीतली, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातली, काळी, ओलसर वाळू. ती आणून दिली एका मुलीच्या वडिलांनी. ते लातूरकडचे, इथे फाउंड्रीत साचे भरतात. आधी बाई नदीची वाळू वापरायच्या, तिच्यात काढलेलं लगेच ढासळायचं. गृहस्थ म्हणाले, "बाई, ही साच्याची वाळू हाय. हिच्यात आम्ही पंपाचं हौसिंग, त्याची लोखंडी खोळ, ओततोत. तुमचं अक्षर काय, आरामात बसंल."

बसलं. पण मुलं कोपरापर्यंत काळी.

वाळूनंतर पाठ. मुलं आगगाडीसारखी एकामागे एक उभी राहायची. सर्वांत मागे बाई. त्या शेवटच्या मुलाच्या पाठीवर अक्षर काढणार, तो पुढच्याच्या, असं करत इंजिनातलं पोर फळ्यावर लिहिणार. म निघाला की कधी म म्हणूनच पोचायचा, कधी भलतंच काहीतरी. मग बाई, "डबा कुठं घसरला, शोधा." आणि आख्खी गाडी खिदळत उलटी तपासली जायची. रागावलेल्या मी त्यांना पाहिलं नाही.

मागच्या वर्षी दिवाळीच्या आधी तपासणीला एक साहेब आले. पांढराशुभ्र शर्ट, कडक इस्त्री. त्यांनी वह्या मागितल्या, वह्या कोऱ्या. त्यांनी एका मुलाला उभं केलं. "बाळ, क लिहून दाखव."

मुलगा म्हणाला, "सर, तिकडं तोंड करा की."

साहेबांना वाटलं, पोरगं लाजतंय. ते कौतुकानं वळले. मुलानं बोट वाळूत खुपसलं आणि साहेबांच्या पाठीवर खांद्यापासून कमरेपर्यंत क काढला. फार सुरेख होता तो क.

"ओळखा," मुलगा म्हणाला.

मी दारात उभी होते. मी सांगायला हवं होतं. पण साहेब "शाब्बास" म्हणाले, मुलाच्या गालाला हात लावला आणि पुढच्या शाळेला गेले. त्यानंतर आणखी एका शाळेला. संध्याकाळी त्यांचा मला फोन आला. ते काय बोलले ते लिहीत नाही.

त्याच आठवड्यात तात्या आले. त्यांचं आमच्या गल्लीतलं जुनं घराणं, शेती होती तिथे आता त्यांच्या भाड्याच्या चाळी आणि शेड. भाडेकरूंची मुलं सगळी आमच्याच शाळेत. तात्यांची नात बाईंच्या वर्गात. "म्याडम, पोरगी सकाळी गोरी धाडतो, दुपारी कोळसा होऊन येती. वहीत एक रेघ न्हाई. ही शाळा हाय का फौंड्री?"

"बघते," मी म्हटलं.

बघते हा माझा आवडता शब्द. त्यात हो पण नसतं आणि नाही पण नसतं. सगळी नोकरी मी त्याच्यावर काढली.

मार्चमध्ये तीच मुलं ओळीच्या ओळी लिहीत होती. तात्यांची नात घरातल्या गाईम्हशींची नावं लिहून दाखवायची. हे मला दिसत होतं. तात्यांना जाऊन सांगितलं मात्र नाही. जूनमध्ये ते पुन्हा आले. "धाकट्या नातवाला त्या बाईकडं घालणार न्हाई. घालायचाच आसंल तर इंग्लिश मिडीयमला घालतो. मग आमच्या चाळीतली बी जातील."

मुलं गेली तर तुकडी बंद, शिक्षक कमी. हे खरंच आहे. पण मी जे केलं ते त्यासाठी केलं नाही, भांडण नको म्हणून केलं. शनिवारी शाळा सुटल्यावर नवं वेळापत्रक फलकावर लावलं आणि घरी निघून गेले. टिळेकर बाई, सातवी.

सोमवारी त्या सातवीच्या वर्गात गेल्या. मला एका शब्दानं विचारलं नाही. फक्त हजेरीच्या रांगेत माझ्या पाठीवर बोट आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आधी मला बरं वाटायचं, साडी चुरगळत नाही म्हणून. मग लक्षात आलं की मी वाट बघते आहे. एकदा मुद्दाम त्यांच्या पुढे जाऊन उभी राहिले. हाताची घडी घालून त्या माझ्या मागे थांबल्या, सही केली आणि गेल्या.

त्या दुपारी तात्यांना फोन केला. पहिली पुन्हा टिळेकर बाईंकडेच राहील, म्हटलं. बघते म्हटलं नाही. तात्या म्हणाले, "काढतो मग पोरगं." आणि लगेच, "आमची नात बी त्याच बाईचं नाव घेती दिवसभर. बघू. पण हात धुवून धाडत जावा."

शाळा सुटल्यावर बाईंना शोधत निघाले. त्या पहिलीच्या रिकाम्या वर्गात बुटक्या बाकावर बसून ट्रेमधल्या वाळूवर पाणी शिंपडत होत्या.

"वाळली की धरत नाही," मान वर न करता म्हणाल्या.

"सातवी कशी आहे?"

"गुणी पोरं आहेत गं. पण मोठी झाली. त्यांच्या पाठीला हात लावता येत नाही." त्यांनी मूठभर वाळू दाबली. "घरी मुलगा फोनमधून दिसतो रोज. जेवलीस का विचारतो. दिसतो, ऐकू येतो, सगळं आहे. हात तेवढा कुणाला लागत नाही दिवसभर."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसले. इतकी वर्षं मी ती आगगाडी पाहिली. बाई कायम शेवटच्या. त्यांच्या मागे कधी कुणी उभं नव्हतं.

"उद्यापासून तुम्ही पहिलीवर," मी म्हटलं. पुढचं बोलायचं होतं, ते तोंडातून येईना. ते मला कधीच जमलं नाही. शेवटी म्हटलं, "तिकडं तोंड करा."

त्या लगेच वळल्या, लहान मुलीसारख्या, पदर सारखा करून. मी बोटानं त्यांच्या पाठीवर लिहिलं, 'चुकले'. एकेक अक्षर, सावकाश.

भिंतीपलीकडे कुणी बाकावर बोटानं अक्षर काढलं तरी नुसत्या आवाजावरून ओळखणारी ही बाई.

"नाही कळलं गं," म्हणाल्या. "परत काढ."

मी परत काढलं.

"अंहं. अजून एकदा."