शिळ्या पाण्याचे कादरी सर

कादरी सरांचं शेवाळ मी मारलं. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

सर कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायचे, मी प्रयोगशाळा सहायक. दुष्काळाची वर्षं. शहर डोंगरापर्यंत वाढलेलं, नळ मात्र मागेच राहिलेले. सगळे ताज्या पाण्यासाठी टँकरमागे धावायचे आणि हा एकच माणूस मला विचारायचा, "जोशीबुवा, पाणी शिळं झालं का?"

टँकरच्या पाण्यातल्या क्लोरीननं त्यांचं सूक्ष्म शेवाळ मरायचं. म्हणून क्लोरीन उडून जायला दोन बादल्या तीन दिवस उघड्या ठेवायच्या, मगच ते पाणी बरण्यांत. बरण्यांना सर रोज सलाम करायचे. मी हसलो की म्हणायचे, "हसू नका मियाँ, यांच्या पोटात लई माल आहे."

शेवाळ उकळून, गाळून त्यात अल्कोहोल ओतलं की साखरेच्या लांब साखळ्यांचे पांढरे तंतू खाली बसत. ते जांभळ्या द्रावणात टाकले की रंग फिका पडे. "बघा, गंज थांबवणारी चीज! शरीरालाही गंज चढतो, जोशीबुवा. डोक्याला आधी." हे म्हणताना ते हसत नसत. त्यांच्या वडिलांना शेवटी मुलाचं नावही आठवत नव्हतं. सरांच्या खिशात चिठ्ठ्या असत: 'गॅस बंद केला', 'कुलूप लावलं'.

"सकाळी तुम्हाला सलाम केला ना मी?"

"दोनदा केलात, सर."

त्यांचा चेहरा उतरायचा. मी गंमत करत असायचो.

त्या मे महिन्यात आमच्या कॉलनीत आठ दिवस टँकर आला नाही. कॉलेजच्या टँकरवर शिपाई कॅन भरू देईना. प्रयोगशाळेच्या बादल्या मात्र भरू द्यायचा. मी शिळं पाणी कॅनमध्ये ओतून घरी नेलं आणि बादल्या टँकरवरून पुन्हा भरून ठेवल्या. सरांनी ते पाणी विश्वासानं बरण्यांत ओतलं. दोन दिवसांत हिरवं पांढुरकं झालं.

नोकरी जाणार, अशी भीती मला वाटली. सरच बोलले, "तीन दिवस मोजले होते मी. म्हणजे... मोजले असं वाटतंय." त्यांनी खिशातल्या चिठ्ठ्या चाचपल्या. "सुरू झालं, जोशीबुवा. अब्बांचंही असंच सुरू झालं होतं."

"होतं असं कधीकधी," मी म्हणालो. एवढंच.

त्यांनी काम बंद केलं. निघताना म्हणाले, "बादल्या घरी न्या. तुमच्याकडं टँकर येत नाही ना? मुलं तहानलेली असतील."

आता सर निवृत्त आहेत, एकटे. रस्ता विसरेन या भीतीनं घराजवळच्या क्रांती चौकापर्यंतही जात नाहीत. मी भेटायला जातो, चहा पितो, परत येतो.

मी त्यांना एक वाक्य देणं लागतो: सर, तुम्ही बरोबर मोजलं होतं, पाणी मी बदललं.