सासूबाईंच्या झाडाला पॉलिश

बुधवारी सासूबाई बहिणीकडे निघाल्या, तेव्हा त्यांनी घरातच राहणाऱ्या जावयाच्या हातात आपल्या खोलीची किल्ली ठेवली आणि रबराच्या झाडाची कुंडी दाखवली. "रविवारी झाडांचं प्रदर्शन आहे. कुंडी तिकडे पोचवा, मी थेट हॉलवरच येते. तोवर पानांवर धूळ बसू देऊ नका. मग तुमच्या खोलीचं बघू."

खोलीचं बघू! जावई फर्निचरला पॉलिश करणारा माणूस. दोन वर्षं तो स्वयंपाकघरात खुर्च्या घासत होता आणि भाजीबरोबर भुसा खात होता. सासूबाईंची रस्त्याकडची खोली, तिला भिंतभर खिडकी, दिवसभर ऊन. तिथे दुकान थाटायचं, या एका आशेवर बिचारा जगत होता. मग तो नुसती धूळ पुसून कसला थांबतो! पुसूनही मेली पानं मळकटच दिसली, तेव्हा त्याने लाखेचं पॉलिश काढलं आणि बावीसच्या बावीस पानांना वरून एक, खालून एक हात मारला. खालची बाजू कोरडी सोडणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

शुक्रवारी झाडाने मान टाकली. बायको शाळेत विज्ञान शिकवायची. तिने एक पान उलटं करून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"अहो, आईच्या झाडाचा श्वास कोंडलात तुम्ही!"

"झाडाला कुठलं आलंय नाक?"

"पानाच्या खालच्या अंगाला बारीक छिद्रं असतात, पर्णरंध्रं. हवा तिथून आत, पाण्याची वाफ तिथून बाहेर. सहावीतल्या पोरांना कळतं हे!"

तो मटकन खाली बसला. लाकडाची छिद्रं बुजवण्यावर त्याने वीस वर्षं पोट भरलं होतं. पृष्ठभागावर एकही छिद्र दिसता कामा नये, असं तो गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायचा.

"घाबरू नकोस," तो उठत बायकोला म्हणाला. "स्पिरिटनं लाख चटकन निघते."

निघाली. पण फडकंही हिरवंगार झालं. त्याने फडक्याकडे पाहिलं, मग पानाकडे, मग पुन्हा फडक्याकडे.

"अहो, ते हरितद्रव्य!" बायको ओरडली. "स्पिरिटमध्ये विरघळतं ते. त्याच्याच जोरावर पान उन्हात अन्न तयार करतं. आता उपाशी मारताय का झाडाला?"

"आधी नाही का बोलायचं?"

"बोलायला उसंत दिलीत?"

बावीस पानं जुन्या वर्तमानपत्रासारखी पिवळट पडली. खोली गेली, दुकान गेलं, सगळं संपलं. त्या संध्याकाळी तो जेवला नाही. सासूबाईंना तोंड कसं दाखवायचं, या विचाराने त्याला रडू फुटायचं तेवढं बाकी होतं.

शनिवारी उठून त्याने, जे एकच काम त्याला येत होतं, ते केलं. हिरवी पूड कालवली, छटा जुळवली, पानं रंगवली, बारीक ब्रशने एकेक शीर फिकट काढली. रंग बोटांना लागू लागला, म्हणून वरून पुन्हा लाख. दोन हात.

"आणि रंध्रं?" बायकोने विचारलं.

"आता कशाला हवीत त्याला?" तो म्हणाला आणि ब्रश धुवायला गेला.

रविवारी हॉलमध्ये सासूबाईंनी झाड पाहिलं आणि छातीवर हात ठेवला. "अगंबाई! काय तेज आलंय हो!" तेवढ्यात परीक्षक आले. त्यांनी चष्मा वर केला, वाकून पानावर नख मारलं. टक्क आवाज झाला. त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि दोन कार्यकर्त्यांनी कुंडी उचलून समोरच्या कृत्रिम झाडांच्या विभागात नेली. तिथे तिला पहिलं बक्षीस मिळालं.

"शिरा इतक्या हुबेहूब," परीक्षक माइकवर म्हणाले, "की क्षणभर मीसुद्धा फसलो!"

सासूबाईंनी कप घेतला. घरी येताच त्यांनी जावयाकडून किल्ली मागून घेतली.

"आई, ती खोली..." तो चाचरत म्हणाला.

"देणारच होते, जावईबापू. पण माझी बाकीची एकतीस झाडं कुठे ठेवू? ऊन येणारी आणि कुलूप लागणारी तेवढी एकच खोली आहे."

एकेक करून एकतीस कुंड्या त्यांनी स्वतः आत नेल्या. कुलूप लावलं, ओढून पाहिलं. मग त्या जावयाकडे वळल्या.

"हात मात्र छान आहे हं तुमचा. या दाराला तेवढं पॉलिश मारून द्या. बाहेरून."